‘गावातलीच माणसं घेतली’ म्हणजे नेमकं कोणाला?

कमी पैशांत, मोठ्या बॅनरशिवाय केलेला सिनेमा कोकणात आला की एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘नट नाहीत, गावातलीच माणसं घेतलीत.’ या एका वाक्यात दोन अगदी वेगळी माणसं कोंबली जातात. एक, ज्याने आयुष्यात कधी तोंडाला रंग लावलेला नाही. दुसरा, जो तीस वर्षं रंग लावतोय, फक्त कॅमेऱ्यासमोर उभा राहिलेला नाही.

‘कोर्ट’मध्ये लोकशाहीर नारायण कांबळेची भूमिका वीरा साथीदार यांनी केली. ते चळवळीतले कार्यकर्ते, अभिनय हा त्यांचा व्यवसाय नव्हता. त्याच सिनेमात सरकारी वकील झालेल्या गीतांजली कुलकर्णी मात्र मुरलेल्या रंगकर्मी. ‘श्वास’मध्येही (2004) तसंच: आजोबा झालेले अरुण नलावडे रंगभूमीवरचे आणि नातू अश्विन चितळे नवखा. पडद्यावर दोघं एकाच घरातले वाटतात, पण तिथवर पोचायच्या वाटा निराळ्या.

कुडाळकडच्या एका छोट्या सिनेमासाठी मी माणसं जमवून देत होतो. त्यात एक रापणकर होता, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून मासे पकडणारा. ‘इथून होडीपर्यंत चालत जा’ म्हटल्यावर रोज वाळू तुडवणारा हा माणूस लाकडासारखा ताठ झाला. पाठ केलेलं वाक्य तर शाळेतल्या कवितेसारखं आलं. शेवटी त्याच्या मांडीवर फाटलेलं जाळं ठेवलं आणि बांगड्याचा भाव विचारला. हात सुईदोऱ्यात गुंतले आणि तोंड सुटलं. अशा माणसाला संवाद देऊ नये, काम द्यावं. तो जे करतो ते बहुधा पहिल्याच टेकला सापडतं. पाचव्या टेकपर्यंत त्याला आपण बघितले जातोय हे कळून चुकलेलं असतं.

दुसरे होते दशावतारातले, म्हणजे कोकणातल्या लोकनाट्यातले, एक काका, राजा आणि राक्षसाच्या भूमिकांत गाजलेले. त्यांना नवखा म्हणणं हा अन्यायच आहे. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरतं, पात्रं वाटली जातात आणि संवाद रात्रभर मंचावरच घडत जातात. रंगभूषा स्वतःची स्वतः करायची. पेटी-पखवाजाच्या अंगाने बोलणं उचलायचं, मागच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत पोचवायचं. मग सिनेमात, भाकरी खाताखाता ‘मुलगा काजूची बाग विकतोय’ हे ऐकायचं, अशा प्रसंगात काका गरजले, यात नवल काय? दिग्दर्शक म्हणाला, ‘काका, कमी करा.’ काकांनी मनापासून विचारलं, ‘कमी म्हंजे किती रे?’

उत्तर सापडायला अर्धी दुपार गेली. ‘प्रेक्षक लांब नाही, ताटाच्या पलीकडच्या कडेला बसलाय,’ असं सांगितल्यावर काकांनी भाकरीचा तुकडा तोडला, तो कालवणात बुडवला आणि तिथेच धरून ठेवला. एक शब्द बोलले नाहीत. मी आजवर पाहिलेल्या चांगल्या अभिनयात तो क्षण मी वरच्या जागी ठेवतो.

त्यांची खरी अडचण आवाजाची नव्हतीच. दर टेकला ते नवं वाक्य बोलत, आधीच्याहून सरस. पण जोडकाम, म्हणजे संकलन, करणाऱ्याला दोन कोनांतून तेच शब्द, तोच हात लागतो. रापणकराला मोकळं करावं लागतं, दशावताऱ्याला बांधून घ्यावं लागतं. दोघांना एकाच कार्यशाळेत बसवून ‘सहज वागा’ सांगणारे दिग्दर्शक दोघांनाही वाया घालवतात.

तारखांचंही बघायला हवं. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की दशावताऱ्याच्या रात्री बांधलेल्या असतात. रापणकराचा दिवस घेतला तर त्या दिवसाची मासळी बुडते. एकाला रात्रीच्या नाटकाचं मानधन सोडावं लागतं, दुसऱ्याला रापणीतला वाटा. दोघांना मिळून ‘गावकऱ्यांचा खर्च’ असा एकच आकडा लावणं बरोबर नाही.

सिनेमा झाला, गावात पडदा लावून दाखवला. शेवटी नावं वर सरकू लागली. रापणकर आणि काका, दोघंही ‘ग्रामस्थ’ या एकाच मथळ्याखाली. रापणकराने आपलं नाव पोराला बोटाने दाखवलं. काका पडदा काळा होईपर्यंत उभे राहिले आणि मला म्हणाले, ‘पार्ट केलेल्यांत माझा नाव खंय आसा?’