कमी डिस्टन्सचा मार्ग नेहमीच निवडला जातो का?

नेटवर्किंगच्या प्रगत प्रमाणपत्राची तयारी करणाऱ्यांमध्ये एक टिपण वर्षानुवर्षे फिरत आहे: ‘ज्या मार्गाचे ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स कमी, त्यावरूनच राउटर पॅकेट पाठवतो.’ (हे डिस्टन्स म्हणजे मार्ग सांगणाऱ्या स्रोतावर किती विश्वास ठेवायचा याचा आकडा; कमी आकडा म्हणजे जास्त विश्वास.) हे टिपण अर्धेच खरे आहे आणि म्हणूनच चटकन पटते. एकाच प्रीफिक्ससाठी (पत्त्यांच्या गटाचा सामाईक सुरुवातीचा भाग; त्याची लांबी /१६, /२४ अशी लिहितात) दोन स्रोतांकडून मार्ग आले, तरच हा आकडा विचारात घेतला जातो. प्रीफिक्सची लांबी वेगळी असेल, तर दोन्ही मार्ग रूटिंग टेबलमध्ये, म्हणजे राउटरच्या मार्गांच्या यादीत, राहतात आणि पॅकेट पाठवताना सर्वांत लांब जुळणारा प्रीफिक्स निवडला जातो.

लॅबमध्ये १०.१.०.०/१६ हा स्टॅटिक, म्हणजे हाताने लिहिलेला, मार्ग (डिस्टन्स १) द्या आणि १०.१.५.०/२४ ओएसपीएफ या राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवण्याच्या प्रोटोकॉलकडून (डिस्टन्स ११०) दुसऱ्या इंटरफेसने येऊ द्या. १०.१.५.९ या पत्त्यासाठी टेबल तपासल्यास ओएसपीएफचाच मार्ग दिसेल, कारण /२४ हा /१६ पेक्षा लांब प्रीफिक्स आहे. तो काढून टाकल्यावर मात्र पॅकेट स्टॅटिक मार्गाने जाईल.