आरपीजीमधील डेटा स्ट्रक्चर अ‍ॅरेची क्रमवारी

आयबीएमच्या आरपीजी या प्रोग्रामिंग भाषेत एकाच साच्याच्या अनेक नोंदी डेटा स्ट्रक्चरच्या (अनेक फील्डे, म्हणजे माहितीचे रकाने, एकत्र बांधणाऱ्या रचनेच्या) अ‍ॅरेत, म्हणजे क्रमांकित यादीत, ठेवतात. त्या अ‍ॅरेतील नोंदी गरजेप्रमाणे वेगवेगळ्या फील्डनुसार लावून घेण्याच्या पद्धतींची ही नोंद आहे.

कोल्हापूरच्या गूळ बाजारातले उदाहरण घेऊ. अडत दुकानातील एका नोंदीत शेतकऱ्याचे नाव, गाव, रव्यांची (गुळाच्या ढेपांची) संख्या, वजन आणि सौद्यात निघालेला दर असतो. पट्ट्या (शेतकऱ्यांना द्यायचे हिशेब) करताना यादी नावाने लागते, कोणत्या गावचा किती माल आला हे पाहताना गावाने, आणि बाजाराचा अंदाज घेताना दराने. क्रम कोणताही असो, नोंद फुटता कामा नये. गावे हलली आणि दर जागेवरच राहिले, तर हळदी गावच्या शेतकऱ्याचा भाव हसूर गावच्या पट्टीवर चढतो.

पूर्वी प्रत्येक फील्डचा वेगळा अ‍ॅरे ठेवत, आणि ‘सॉर्टए’ ही क्रम लावणारी आज्ञा एका वेळी एकच अ‍ॅरे लावत असल्याने नेमका हाच धोका असे. आरपीजी फोर या भाषेच्या पुढच्या आवृत्तीत ‘ओव्हरले’चा उपाय मिळाला: अख्खी नोंद हाच अ‍ॅरेचा घटक धरायचा आणि नाव, गाव, दर ही उपफील्डे त्याच्यावर बसवायची. मग कोणतेही एक उपफील्ड लावले, तरी सगळी नोंद सोबत हलते. ही युक्ती जुन्या प्रोग्राममध्ये आजही दिसते आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे.

डेटा स्ट्रक्चरलाच ‘डिम’ (घटकांची संख्या सांगणारा शब्द) लावण्याची सोय आली, तेव्हा सॉर्टए तशा रचनेवर चालत नसे. म्हणून सी भाषेच्या लायब्ररीतील ‘क्यूसॉर्ट’ हे क्रम लावणारे फंक्शन बोलवत. त्याला तुलना करणारी प्रोसीजर (प्रोग्रामचा स्वतंत्र तुकडा) द्यावी लागते. ती दोन नोंदींचे पॉइंटर (स्मृतीतील पत्ते) घेते आणि पहिली नोंद आधी, समान की नंतर यानुसार ऋण, शून्य किंवा धन संख्या परत करते. गाव चढत्या आणि दर उतरत्या क्रमाने हवा असेल, तर ही पद्धत अजूनही उपयोगी पडते. मात्र समान ठरलेल्या नोंदींचा मूळ क्रम टिकेलच याची हमी क्यूसॉर्ट देत नाही. त्यामुळे नोंदीत पावती क्रमांकही ठेवून शेवटची तुलना त्याने करावी.

आयबीएम आय या संगणक प्रणालीच्या २०१० च्या ७.१ आवृत्तीपासून सॉर्टएला थेट उपफील्ड सांगता येते. अ‍ॅरेच्या नावापुढे कंसात चांदणी, मग टिंब आणि उपफील्डचे नाव, एवढे पुरते.

अ‍ॅरे पाचशेचा आणि नोंदी एकशेवीसच असतील, तर चढत्या क्रमात रिकाम्या जागा वर येतात. त्या आधी ‘हायव्हॅल’ने, म्हणजे सर्वांत मोठ्या मूल्याने, भराव्यात. २०१९ च्या ७.४ आवृत्तीत वापराप्रमाणे वाढणारा अ‍ॅरे मिळाल्याने ही अडचण उरली नाही. एबसिडिक या आयबीएमच्या अक्षरसंकेतात लहान रोमन अक्षरे मोठ्यांच्या आधी आणि अंक सर्वांत शेवटी येतात, हेही लक्षात ठेवावे.

मराठी नावे युनिकोड या जागतिक अक्षरसंकेतात असतील, तर आणखी एक पेच येतो. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, युनिकोडमध्ये मात्र तो ल आणि व यांच्यामध्ये बसवलेला आहे. त्यामुळे यंत्र हळदी आधी आणि हसूर नंतर लावते, तर मराठी क्रमाने हसूर आधी हवे. अशा वेळी नोंदीत क्रमापुरते एक जादा उपफील्ड ठेवावे, त्यात प्रत्येक अक्षराचा वर्णमालेतील क्रमांक भरावा आणि सॉर्टए त्याच्यावर चालवावे. छापताना मूळ नावच छापावे.