डायलिसिसच्या दिवशी बीपीची गोळी घ्यावी की चुकवावी?

सोलापुरातील एखाद्या डायलिसिस केंद्राबाहेरच्या बाकावर सकाळी थोडा वेळ बसले, की ‘आज डायलिसिस आहे, बीपीची गोळी घ्यायची नाही’ हे वाक्य हमखास कानी पडते. हा सल्ला काही गोळ्यांच्या बाबतीत योग्य, काहींच्या बाबतीत जवळपास निरर्थक आणि काहींच्या बाबतीत धोक्याचा आहे.

मूत्रपिंडे निकामी झाल्यावर रक्तदाब चढण्याचे मुख्य कारण म्हणजे शरीरात साठलेले मीठ आणि पाणी. सुमारे 9 ग्रॅम, म्हणजे सपाट दीड चमचा मीठ अंगात राहिले, की त्याच्या जोडीला जवळपास 1 लिटर पाणी साठेपर्यंत तहान भागत नाही. मे महिन्यात रुग्ण सोलापूरच्या उन्हाला दोष देतो; परंतु त्या तहानेतला मोठा वाटा ताटातल्या लोणच्याचा, पापडाचा आणि खारट शेंगाचटणीचा असतो. सैंधव चालते, ही समजूतही चुकीची आहे, कारण तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते. आणि ‘कमी सोडियमचे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात बहुधा पोटॅशियम असते, जे या रुग्णांच्या हृदयाला घातक ठरू शकते.

आता डायलिसिसचे यंत्र हे साठलेले पाणी काढताना काय घडते ते पाहू. कोरडे वजन, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचे वजन, 60 किलो असलेला रुग्ण दोन दिवसांच्या खंडानंतर काट्यावर 63 किलो भरला, तर यंत्राला 4 तासांत 3 लिटर पाणी काढावे लागते. त्याच्या रक्तातला द्रव भाग मुळात तेवढाच, जेमतेम 3 लिटर असतो. तरीही रक्तवाहिन्या रित्या होत नाहीत, कारण गाळणीतून पाणी जाते आणि अल्ब्युमिन हे प्रथिन मागे राहते; ते दाट होत जाते आणि पेशींभोवती साठलेले, पायांवर सूज आणणारे पाणी रक्तात ओढून घेते. ही भरपाई यंत्राच्या वेगाला पुरी पडेनाशी झाली, की जांभया येतात, घाम फुटतो, पोटऱ्यांत गोळे येतात आणि बीपी पडते. मग तंत्रज्ञ रुग्णाचे पाय वर करतो, पाणी काढणे थांबवतो, आणि उरलेले पाणी रुग्णाबरोबर घरी जाते. घरी बीपी चढलेलेच राहते, म्हणून गोळी वाढते; ती वाढलेली गोळी रक्तवाहिन्यांचे आकुंचन किंवा हृदयाची गती रोखते, आणि पुढच्या खेपेस बीपी आणखी लवकर पडते. हे चक्र मला या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते.

गोळ्यांचे वर्तनही अल्ब्युमिनशीच जोडलेले आहे. अटेनोलॉल या प्रथिनाला फारसे चिकटत नाही व पाण्यात विरघळते, त्यामुळे ते गाळणीतून निघून जाते. म्हणून ते बहुधा डायलिसिसनंतर देतात. लिसिनोप्रिलही असेच वाहून जाते. अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन आणि कार्व्हेडिलॉल मात्र प्रथिनाला घट्ट धरून राहतात. त्यातही अॅम्लोडिपिनची रक्तातली पातळी निम्मी व्हायला 35 ते 50 तास लागतात, त्यामुळे केवळ सकाळची गोळी चुकवून त्या दिवशी फारसा फरक पडत नाही. याउलट क्लोनिडिन मनानेच एकदम बंद केले, तर रक्तदाब उसळतो. म्हणून गोळ्यांची पाकिटे व घरी मोजलेल्या बीपीची वही सोबत नेऊन प्रत्येक गोळीची वेळ नेफ्रॉलॉजिस्टकडून, म्हणजे मूत्रपिंडतज्ज्ञाकडून, ठरवून घ्यावी. बीपी मोजताना फिस्टुलाचा, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने रक्तवाहिन्या जोडलेला, हात वगळावा.

1960 साली सिएटलमध्ये बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी दीर्घकालीन डायलिसिस सुरू केले, तेव्हा त्यांच्या पहिल्या रुग्णाचा अतितीव्र रक्तदाब मीठ कमी करून व साठलेले पाणी काढूनच ताब्यात आला होता. कोरडे वजन मात्र एकदाच ठरवून भागत नाही: भूक मंदावून मांस झडले आणि काट्यावर आकडा तोच राहिला, तर झडलेल्या मांसाची जागा पाण्याने घेतलेली असते. असे पाणी हळूहळू काढल्यावरही रक्तदाब पूर्ण उतरायला कित्येक आठवडे लागू शकतात, आणि तो उतरू लागला की डॉक्टर एकेक गोळी कमी करत जातात.