व्यक्तिमत्त्व विकार: थेरपीनं नेमकं काय सुधारतं?

‘स्वभावाला औषध नाही’ असं आपण सहज म्हणून जातो. व्यक्तिमत्त्व विकारांच्या बाबतीत हे शब्दशः खरं आहे. या गटातल्या कुठल्याही विकारासाठी अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेनं, आजवर एकही औषध मंजूर केलेलं नाही. लॅमोट्रिजिन हे मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध ‘बॉर्डरलाइन’ या व्यक्तिमत्त्व विकारात उपयोगी पडेल, अशी बरीच आशा होती. ब्रिटनमध्ये २७६ रुग्णांवर त्याची चाचणी झाली, २०१८ मध्ये निकाल आला. वर्षभर औषध घेतलेले आणि औषध नसलेली तशीच गोळी घेतलेले रुग्ण, यांच्यात काहीही फरक नव्हता. सोबत नैराश्य असेल तर त्यासाठी औषधं दिली जातात, पण मूळ विकारावर ती चालत नाहीत.

औषध नाही, म्हणून इलाजच नाही, ही समजूत मात्र चुकीची आहे आणि तिनं अनेकांचं आयुष्य नासवलं आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. व्यक्तिमत्त्व विकार म्हणजे तापटपणा किंवा हट्टीपणा नव्हे. स्वतःकडे आणि इतरांकडे पाहण्याची, भावना सांभाळण्याची, नाती जोडण्याची पद्धतच वर्षानुवर्षं इतकी ताठर किंवा अस्थिर होऊन बसते की घर, नोकरी, मैत्री, कुठेच निभाव लागत नाही. मानसिक विकारांच्या अमेरिकी वर्गीकरणात याचे १० प्रकार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणानं ते प्रकार जवळजवळ मोडीत काढले आणि विकार सौम्य, मध्यम की तीव्र, यावर भर दिला. बॉर्डरलाइन हा नमुना तेवढा वेगळा नोंदवण्याची सोय ठेवली. संशोधनही मुख्यतः त्याच्यावरच झालं आहे. एकटं टाकलं जाण्याची पराकोटीची भीती, क्षणात टोकाला जाणाऱ्या भावना, आतलं रितेपण, स्वतःला इजा करून घेणं, आत्महत्येचे प्रयत्न अशी त्याची लक्षणं. रुग्ण वारंवार तातडीच्या विभागात येतात, त्यामुळे डॉक्टरांना त्यांच्याकडे काणाडोळा करता येत नाही.

तरीही बराच काळ काणाडोळा झालाच. १९३८ मध्ये मनोविश्लेषक अॅडॉल्फ स्टर्न यांनी ‘बॉर्डरलाइन’ गटाचं वर्णन केलं, ते मुळी नेहमीच्या मनोविश्लेषणाला दाद न देणारे रुग्ण म्हणूनच. पुढे ‘हे लोक सुधारत नाहीत’ हा शिक्का इतका पक्का झाला की अनेक ठिकाणी निदान लिहिलं की दार बंद व्हायचं. ‘व्यक्तिमत्त्व विकार आहे म्हणून सेवा नाकारू नका,’ असं मार्गदर्शन इंग्लंडमध्ये सरकारी पातळीवरून काढावं लागलं, तेही थेट २००३ मध्ये.

तोपर्यंत चित्र पालटायला सुरुवात झालेली होती. सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी १९९१ मध्ये डायलेक्टिकल बिहेवियर थेरपीची, म्हणजे डीबीटीची, तुलनेचा गट असलेली पहिली चाचणी प्रसिद्ध केली. वर्षभराच्या थेरपीनंतर स्वतःला इजा करून घेण्याचे प्रसंग कमी झाले आणि उपचार अर्ध्यावर सोडणारेही कमी निघाले. याच लिनेहान वयाच्या सतराव्या वर्षी, १९६१ मध्ये, हार्टफर्डच्या मनोरुग्णालयात दाखल होत्या. स्वतःला जबर इजा करून घेणारी ती मुलगी आपणच होतो, हे त्यांनी २०११ मध्ये त्याच रुग्णालयात जाहीरपणे सांगितलं. त्यांच्या या धैर्याबद्दल मला फार आदर वाटतो.

या थेरपीत प्रत्यक्ष काय होतं? एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका तरुणीनं रविवारी रात्री स्वतःला इजा करून घेतली. पुढच्या सत्रात थेरपिस्ट तिला रागावत नाही आणि नुसती समजूतही घालत नाही. ती रात्र तिच्याबरोबर मागे मागे उलगडत नेतो. हे किती वाजता झालं? साडेअकराला. त्याआधी? मैत्रिणीनं संध्याकाळी मेसेज वाचला होता, उत्तर दिलं नव्हतं. ते दिसल्यावर मनात काय आलं? ‘मी तिला नकोशी झाले.’ मग? धडधड, मग लाज, मग सगळं बधिर. जेवण झालं होतं? नाही, सकाळपासून काहीच खाल्लं नव्हतं. आदल्या रात्री झोप? जेमतेम तीन तास. अशी एकेक कडी समोर आली की तो प्रसंग आभाळातून कोसळल्यासारखा वाटेनासा होतो. मग कुठल्या कडीपाशी काय वेगळं करता येईल, हे दोघं मिळून ठरवतात आणि आठवडाभर ते करून बघायचं असतं. रोजच्या भावनांची नोंद एका कार्डावर ठेवायची, दर आठवड्याला गटात भावना सांभाळण्याची कौशल्यं शिकायची, अडचणीच्या वेळी थेरपिस्टला फोन करायचा. खुद्द थेरपिस्टसुद्धा दर आठवड्याला आपल्या सहकाऱ्यांसोबत बसतो. हे काम एकट्यानं पेलणारं नाही.

लंडनमध्ये अँथनी बेटमन आणि पीटर फोनागी यांनी वेगळी वाट धरली. त्यांच्या मेंटलायझेशनवर आधारित थेरपीत भर असतो तो वागण्यामागचं मन ओळखण्यावर, स्वतःचंही आणि समोरच्याचंही. ‘तिनं उत्तर दिलं नाही’ आणि ‘मी तिला नकोशी झाले’ या दोन वाक्यांच्या मध्ये थेरपिस्ट थांबतो आणि विचारतो: तिच्या मनात हेच होतं, हे कशावरून? दुसरं काय असू शकेल? भावना उसळलेली असताना हा साधा प्रश्नही मनाला सुचत नाही, आणि तो सुचण्याची सवय लावायला महिनोन्‌महिने लागतात. ४१ रुग्णांचा उपचार सुरू झाल्यापासून आठ वर्षांनी पुन्हा आढावा घेतला, तेव्हा ही थेरपी मिळालेल्यांपैकी १३ टक्के लोकांत विकाराचं निदान कायम होतं, तर नेहमीचे उपचार मिळालेल्यांत ८७ टक्के. गट लहान आहे, त्यामुळे या आकड्यांनी हुरळून जाऊ नये, पण एवढी तफावत दुर्लक्ष करण्याजोगीही नाही.

सगळ्या चाचण्या एकत्र तोलल्या की चित्र जरा जमिनीवर येतं. वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात बॉर्डरलाइनवरच्या ७५ चाचण्या आणि ४,५०७ रुग्ण होते. निष्कर्ष असा, की थेरपीचा फायदा खरा आहे, पण मध्यम आहे. विकाराच्या तीव्रतेपुरतं बोलायचं, तर थेरपी घेतलेल्या सरासरी रुग्णाची स्थिती नेहमीचे उपचार मिळालेल्या १०० पैकी साधारण ७० जणांपेक्षा बरी असते. स्वतःला इजा करून घेण्याच्या बाबतीत फायदा याहून कमी दिसला. अनेक चाचण्या लहान होत्या आणि त्यांतल्या रुग्ण मुख्यतः स्त्रिया होत्या.

मग यातली सर्वांत चांगली थेरपी कोणती? कॅनडातल्या टोरंटोमध्ये १८० रुग्णांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डीबीटीला एका साध्या उपचाराशी भिडवलं होतं: अनुभवी मनोविकारतज्ज्ञ, ठरलेली भेट, विकाराची नीट माहिती, गरजेनुसार औषधं. वर्षअखेर दोन्ही गट सारखेच सुधारले. माझ्या मते या क्षेत्रातला हा सर्वांत आशादायक निकाल आहे. म्हणजे थेरपीचं नाव हा मुख्य मुद्दा नाही. आखीव उपचार, हा विकार जाणणारा आणि चिकाटीनं सोबत राहणारा तज्ज्ञ, संकटाच्या वेळी काय करायचं याची आधीच ठरलेली योजना, एवढं जमलं तर बरंच साधतं.

इतर प्रकारांबद्दल थोडक्यात सांगायचं, तर भित्रेपणानं सगळ्यांपासून दूर राहणं, दुसऱ्यावर अतोनात विसंबणं अशा विकारांत स्कीमा थेरपीचा, म्हणजे लहानपणापासून मनात रुजलेल्या समजुती बदलण्यावर भर देणाऱ्या थेरपीचा, चांगला उपयोग होतो, हे नेदरलँड्समधल्या ३२३ रुग्णांच्या चाचणीत २०१४ मध्ये दिसलं. समाजविघातक व्यक्तिमत्त्वाबाबत पुरावा अजून तोकडा आहे आणि आत्मकेंद्री व्यक्तिमत्त्वावर स्वतंत्र चाचण्या जवळजवळ नाहीतच.

आता दुखरी बाजू. बॉस्टनजवळच्या मॅकलीन रुग्णालयात मेरी झनारिनी यांनी २९० बॉर्डरलाइन रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. दहा वर्षांत ९३ टक्के लोकांची लक्षणं किमान दोन वर्षं निदानाच्या रेषेखाली राहिली. याचं सगळं श्रेय थेरपीला देता येत नाही, कारण काळही काही जखमा भरून आणतो. म्हणूनच तर तुलनेचा गट लागतो. पण लक्षणं ओसरणं, शिवाय एखादं जवळचं नातं टिकणं आणि नोकरी किंवा शिक्षण नीट चालणं, असं सगळं साधलेले लोक निम्मेच निघाले. टोरंटोच्या रुग्णांचंही तेच. उपचार संपून दोन वर्षं झाली, सुधारणा टिकली, तरी ५३ टक्के लोक ना नोकरीत होते ना शिक्षणात. अनेकांची शिकण्याची आणि कामाला लागण्याची वर्षंच आजारात गेलेली असतात. भावना आवरायला शिकवणारी थेरपी ती परत देत नाही. त्यासाठी कामाचं प्रशिक्षण, शिक्षणात परतण्याची सोय, माणसांत मिसळण्याची संधी असं वेगळं काही लागतं, आणि उपचारांच्या आराखड्यात ते क्वचितच असतं.

त्यासाठी वेळ आणि पैसा कुठून आणायचा, याचं थोडं उत्तर कॅनडातल्याच एका नव्या चाचणीत आहे. २४० रुग्णांपैकी काहींना सहा महिने डीबीटी मिळाली, काहींना नेहमीप्रमाणे वर्षभर. २०२२ मध्ये आलेल्या निकालात स्वतःला इजा करून घेण्याच्या बाबतीत सहा महिने वर्षभराच्या तोडीचे ठरले. हे इतर ठिकाणीही टिकलं, तर तेवढेच थेरपिस्ट प्रतीक्षायादीतल्या दुप्पट लोकांना वेळ देऊ शकतील, किंवा उरलेले सहा महिने रुग्णाला कामावर किंवा वर्गात परत नेण्यासाठी वापरता येतील.