गुरगुरणाऱ्या कुत्र्याला गप्प करू नका

रावेर-यावलकडच्या केळीच्या मळ्यात कुत्रं लागतंच. विहिरीवरची मोटार, तिची तांब्याची केबल, ठिबकच्या नळ्या, गोठ्यातली जनावरं. रात्री एवढ्या सगळ्यावर लक्ष ठेवायला एकटा सालदार पुरा पडत नाही. मग कुत्रं पाळायचं आणि ते ‘तिखट’ निघावं अशी अपेक्षा ठेवायची. त्यासाठी लोक काय काय करतात! पिल्लू असतानाच कान कातरतात, दिवसभर आखूड साखळीला बांधून ठेवतात, परक्याचा हात लागू देत नाहीत. भाकरीत मिरची कुस्करून घाला, असं सांगणारेही भेटतात. वर्ष-दीड वर्षात कुत्रं खरंच तिखट होतं. पण चोर कोण आणि सुट्टीला आलेला नातू कोण, एवढा फरक ते करेलच याची हमी कोणी देत नाही.

प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक आक्रमकतेला स्वभाव मानत नाहीत. त्यांच्या लेखी ती एक कृती आहे आणि तिला हेतू असतो. बहुतेक वेळा हेतू एकच: समोरचं संकट लांब जावं. ते संकट म्हणजे अनोळखी माणूस असेल, दुखऱ्या कानाला लागणारा हात असेल, ताटलीजवळ आलेलं पाऊल असेल किंवा पिल्लांकडे वळलेली नजर असेल. बाहेरून रागीट दिसणाऱ्या कुत्र्यांपैकी कितीतरी आतून घाबरलेली असतात. हे एकदा ध्यानात आलं की त्यांना ‘सरळ करण्याचे’ आपले नेहमीचे उपाय उलटे का पडतात, तेही उलगडतं.

भीतीची मुळं लहानपणात असतात. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या अमेरिकी शास्त्रज्ञांनी पिल्लांचा बरीच वर्षं अभ्यास करून १९६५ मध्ये निष्कर्ष मांडले. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याच्या दरम्यान पिल्लू जग ‘आपलं’ म्हणून स्वीकारतं. या काळात जी माणसं, जे आवाज, जे वास निवांतपणे भेटतात, ते पुढे साधे वाटतात. जे भेटतच नाहीत, ते मोठेपणी संशयास्पद ठरतात. आता मळ्यातलं पिल्लू बघा. पाचव्या-सहाव्या आठवड्यात ते गोणीत घालून आणलं जातं आणि पुढचे दोन महिने त्याला सालदाराचं घर आणि दोन बैल यांपलीकडे काही दिसत नाही. चष्मा लावलेला माणूस, सायकलवरचं पोर, छत्री, कुबडी घेतलेले आजोबा हे सगळं त्याच्या जगाबाहेर राहतं. पुढे छत्री उघडली की ते अंगावर येतं आणि आपण म्हणतो, जातच तशी.

जातीविषयी इथेच सांगून टाकतो. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांनी वर्तनाविषयी माहिती दिली होती आणि दोन हजारांवर कुत्र्यांची जनुकं तपासली होती. एखादं कुत्रं दुसऱ्यापेक्षा वेगळं का वागतं, यातला जेमतेम ९ टक्के फरक जातीवरून समजतो, असं त्यात दिसलं. मोठ्या जबड्याचा चावा जास्त घातक, हे अर्थात खरंच. पण जर्मन शेफर्ड म्हणजे कडक आणि गावठी म्हणजे गरीब, असल्या हिशेबावर घरातलं लेकरू सोडू नये.

साखळीबद्दलही एक जुना अभ्यास आहे. डेन्व्हर शहरात चावलेल्या आणि न चावलेल्या कुत्र्यांची तुलना १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. अंगणात साखळीला बांधून ठेवलेली कुत्री चावणाऱ्यांच्या गटात असण्याची शक्यता जवळजवळ पावणेतीन पट निघाली. यात एक मेख आहे: आधीच चावरी असलेली कुत्रीच लोक बांधून ठेवत असतील, म्हणजे कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे या आकड्यावरून ठरत नाही. तरीही साखळी काय करते ते समजायला अवघड नाही. घाबरलेल्या प्राण्यापुढे दोन वाटा असतात, पळणं किंवा भिडणं. साखळीने पहिली बंद होते.

आता चावण्याच्या आधीचे काही क्षण बघू. धुळ्याकडचं एक घर, ओट्यावर कुत्रं पसरलेलं. पाहुणे पायऱ्या चढतात आणि “काय रे राजा” म्हणत त्याच्या डोक्यावर वाकतात. कुत्रं आधी तोंड बाजूला वळवतं. मग जिभेचं टोक झरकन नाकावरून फिरवतं, समोर खायला काही नसताना. जांभई देतं. पाहुण्यांना वाटतं, झोपेत आहे बिचारं. हात पुढे येतो तसं कुत्र्याचं अंग आखडतं, तोंड मिटतं, डोळ्याच्या कोपऱ्यातला पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसू लागतो. शेपूट हलत असते, पण ताठ आणि वर उचललेली. मग घशातून बारीक गुरगुर. घरातले आजोबा बाजेवरून म्हणतात, “काही नही जिभाऊ, चावस नही तो, नुसतं गुरगुरस.” पाहुणे हात तसाच पुढे नेतात.

यातली प्रत्येक हालचाल म्हणजे ‘लांब व्हा’ ही विनंती होती. ब्रिटिश पशुवैद्य केंडल शेफर्ड यांनी या खुणा शिडीच्या पायऱ्यांसारख्या मांडल्या आहेत. खालच्या पायरीवर जांभई आणि जीभ चाटणं, मधे आखडणं आणि गुरगुरणं, सगळ्यात वर चावा. खालच्या पायऱ्यांवर कोणी ऐकलं तर कुत्र्याला वर चढायचं कारण उरत नाही. कोणी कधीच ऐकत नाही असा अनुभव आला, तर ते मधल्या पायऱ्या गाळायला शिकतं. कान कातरण्याचा तोटाही इथेच आहे. मागे पडलेले कान, दबलेली शेपूट ही बोलण्याची साधनं, तीच कापली तर समोरच्याला कळणार कसं? आणि शेपूट हलते म्हणजे कुत्रं खूश, ही समजूतही सोडलेली बरी. इटलीतल्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं की मालक दिसला की शेपूट उजवीकडे जास्त झुकते, अनोळखी दांडगं कुत्रं दिसलं की डावीकडे. ओट्यावर उभं राहून डावं-उजवं मोजत बसा असं मी सांगणार नाही. अंग सैल आहे की ताठ, एवढं पाहिलं तरी पुष्कळ.

गुरगुरलं की आपल्याकडे पहिली गोष्ट होते ती म्हणजे चप्पल. कुत्रं गप्प होतं आणि मालकाला वाटतं, सुधारलं. भीती मात्र तिथेच असते, उलट पाहुणा आला की मार बसतो हा नवा धडा तीत मिसळतो. फक्त आवाज गेलेला असतो. स्टार्टरचा फ्यूज सारखा उडतो म्हणून जाड तार टाकून मोटार चालवण्यातला हा प्रकार आहे. मोटार चालते, आणि एक दिवस वाइंडिंगच जळतं. “काही न करता एकदम चावला” अशा ज्या गोष्टी आपण ऐकतो, त्यातल्या बऱ्याच कुत्र्यांची गुरगुर आधी कोणीतरी बंद पाडलेली असते.

या मारामारीमागे एक शास्त्रीय वाटणारी समजूतही आहे: कुत्रं लांडग्याचं वंशज, कळपात एक म्होरक्या असतो, तेव्हा मालकाने म्होरक्या व्हावं, कुत्र्याला उताणं पाडून दाबावं. तिचा उगम १९४७ मधल्या रुडॉल्फ शेंकेल यांच्या अभ्यासात सापडतो. त्यांनी पाहिलेले लांडगे प्राणिसंग्रहालयात एकत्र कोंडलेले होते. डेव्हिड मेक या अमेरिकी लांडगा-तज्ज्ञांनी १९७० च्या पुस्तकात हीच मांडणी पुढे नेली. नंतर कॅनडाच्या एल्समिअर बेटावर त्यांनी मोकळे लांडगे अनेक उन्हाळे जवळून पाहिले आणि १९९९ मध्ये स्वतःच लिहिलं की कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पोरं; तिथे गादीसाठी रोज झुंजी होत नाहीत. मेक यांनी आपलं म्हणणं सुधारलं, यूट्यूबवरचे कुत्रे-गुरू अजून जुन्यावरच अडलेत.

दाबण्याचा परिणाम मोजलेलाही आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २००९ मध्ये १४० मालकांची उत्तरं तपासली. ज्यांनी कुत्र्याला मारलं किंवा लाथ घातली, त्यांतल्या ४३ टक्के जणांवर कुत्रं उलटून आलं. तोंडातली वस्तू जबरदस्तीने काढणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के, उताणं पाडून दाबणाऱ्यांत ३१ टक्के आणि नुसतं डोळे रोखून बघणाऱ्यांतही ३० टक्के होतं.

मग करायचं काय? आधी गुरांच्या दवाखान्यात न्या. कानातला पू, दुखरे दात, कंबरेच्या सांध्याची झीज, कातडीत रुतलेल्या गोचिडींनी झालेली आग, यातलं काहीही कुत्र्याला चिडकं करतं. आजवर शांत असलेलं कुत्रं अचानक अंगावर येऊ लागलं तर दुखणं हा पहिला संशय, आणि लस दिलेली नसेल तर रेबीजचाही. नसबंदीने नराचं भटकणं कमी होतं, पण माणसाची भीती त्याने जात नाही. ऑपरेशन केलं की सगळं मिटेल ही आशा फोल आहे.

दुखणं नसेल तर खरं काम सुरू होतं, आणि ते अंतराचं आहे. जळगावातल्या एखाद्या कॉलनीतलं कुत्रं घ्या, गॅस सिलिंडरवाला आला की फाटकावर झेपावणारं. सिलिंडरचा खणखणाट, खांद्यावर काहीतरी मोठं घेतलेला माणूस, आणि दर वेळी भुंकल्यावर तो निघूनही जातो! कुत्र्याच्या दृष्टीने भुंकणं दर वेळी यशस्वी ठरतं, म्हणून ते पक्कं होत जातं. यावर उपाय असा. कुत्र्याला पट्ट्याने धरून इतक्या लांब न्यायचं की सिलिंडरवाला दिसेल पण अंग ताठ होणार नाही. कोणाला ते अंगणाचं दुसरं टोक असेल, कोणाला गल्लीचा कोपरा. तो दिसला की लगेच उकडलेल्या अंड्याचा किंवा कोंबडीच्या काळजाचा वाटाण्याएवढा तुकडा तोंडात, मग दुसरा, तिसरा. तो दिसेनासा झाला की खाऊ बंद. पावलोव्ह यांच्या प्रयोगात घंटेनंतर अन्न येत असे, म्हणून घंटेला लाळ सुटू लागली. इथेही आधी माणूस आणि मग अंडं, हा क्रम सांभाळायचा. उलट केलं, म्हणजे खाऊ दाखवून माणसापुढे नेलं, तर हुशार कुत्रं अंडं दिसताच सावध होतं: आता कोण आलं?

काही दिवसांनी सिलिंडरवाला दिसताच कुत्रं वळून तुमच्या हाताकडे बघू लागतं. ही खूण दिसली की दोन पावलं जवळ जायचं, आधी नाही. भुंकलं, खाऊ नाकारला, तर आपण जास्त जवळ आलो. मुकाट्याने मागे फिरायचं. ओरडायचं नाही, लाड करून समजूतही घालत बसायचं नाही. यात आठवडे जातात, कधी महिने. मधल्या काळात अपघात होऊ नये म्हणून फाटकाला आतून पत्रा लावून रस्ता दिसेनासा करा, पाहुणे येताना कुत्रं मागच्या खोलीत ठेवा, जाळीच्या मुसक्याची सवय लावा. मुसकं असं हवं की त्यात तोंड उघडून धापा टाकता येतील, पाणी पिता येईल. सुतळीने तोंड आवळणं म्हणजे उन्हाळ्यात जीव घेणं, कारण कुत्र्याचं अंग थंड होतं ते मुख्यतः धापा टाकूनच.

ताटलीवरून गुरगुरणाऱ्याशी याच तत्त्वाने वागायचं. खाताना हात घालून ‘मी मालक’ सिद्ध करायला जाऊ नये. लांबून जाता जाता ताटलीकडे आणखी चांगला तुकडा टाकायचा आणि न थांबता पुढे जायचं. माणूस जवळ आला की जेवण जात नाही, वाढतं, हे त्याला कळू द्यायचं. लहान मुलांना हा प्रयोग करू देऊ नये.

उन्हाचं काय? अमेरिकेतल्या आठ शहरांमधल्या जवळपास ७० हजार चाव्यांच्या नोंदी तपासून २०२३ मध्ये आलेल्या अभ्यासात कडक उन्हाच्या, तापलेल्या आणि हवेत ओझोन वायू वाढलेल्या दिवशी चावे थोडे वाढलेले दिसले. तापमान जास्त असताना वाढ सुमारे ४ टक्के, अतिनील किरण जास्त असताना ११ टक्के. अशा दिवशी माणसंही जास्त बाहेर असतात, त्यामुळे सगळा दोष कुत्र्याच्या डोक्यावर टाकता येत नाही. शिवाय तो त्यांचा उन्हाळा. भुसावळचा मे महिना त्या आकड्यांत नाही. पत्र्याच्या शेडखाली ४५ अंशांत बांधलेलं, पाण्याचं टोपलं दुपारीच कोरडं पडलेलं कुत्रं. त्यात संध्याकाळी लग्नाचा डीजे आणि वर कोणाचं पोर चेंडू शोधत आलेलं. ताण असे एकावर एक चढतात आणि फुटतात ते शेवटच्या, बहुधा सगळ्यात निरपराध माणसावर. कुत्रं निंबाखाली बांधा आणि वरातीच्या रात्री आतल्या खोलीत घ्या, एवढ्यानेही पुष्कळ चावे टळतात.

गल्लीतल्या कुत्र्यांना शिकवणी देता येत नाही, पण त्यांची गणितं कळू शकतात. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा यांचा गट याच कुत्र्यांचा अभ्यास करतो. अनोळखी माणसाने वारंवार प्रेमाने हात फिरवला तर नुसत्या खाऊपेक्षा त्यावर त्यांचा विश्वास जास्त बसतो, असं त्यांना २०१७ मध्ये आढळलं. म्हणजे ही जमात मुळात माणसाच्या वैरावर उठलेली नाही. व्यालेली कुत्री मात्र वेगळी. तिची पिल्लं ज्या नालीत, ज्या लाकडांच्या ढिगाखाली असतील, तिथून काही आठवडे वळसा घालून जावं. कुत्रं अंगावर आलं तर पळू नये, डोळ्याला डोळा भिडवू नये, तिरकं उभं राहून हळूहळू मागे सरावं.

आणि चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. चुना, हळद, मिरचीपूड, तेल काहीही भरायचं नाही. जखम खोल असली तरी टाके घालण्याची घाई करायची नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. रेबीजची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि कातडीत दिली तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी घ्यावी लागते. रक्त आलं असेल तर जखमेत टोचायच्या इम्युनोग्लोब्युलिनबद्दल (विषाणूला लगेच रोखणारी तयार प्रतिपिंडं) स्वतःहून विचारायचं. लहान केंद्रात ते नसेल तर मोठ्या रुग्णालयात जायचं. चावलेलं कुत्रं मारून टाकू नये. ते घरचं किंवा ओळखीचं असेल तर दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवतात, कारण चावताना लाळेत विषाणू असेल तर एवढ्या दिवसांत ते आजारी पडून मरतं. पण त्या दहा दिवसांची वाट बघत लस लांबवायची नाही. ती आधी सुरू करायची. कुत्रं धडधाकट राहिलं तर पुढच्या डोसांचं काय करायचं ते डॉक्टर सांगतील.