कोचीचे वकील ए. बी. सालेम : सिनेगॉगातल्या सत्याग्रहाची पार्श्वभूमी

सोळाव्या शतकात कैरोचे मोठे ज्यू धर्मशास्त्री डेव्हिड इब्न झिम्रा यांच्याकडे कोचीहून एक प्रश्न गेला. इथले काही ज्यू स्वतःला शुद्ध वंशाचे म्हणवतात, बाकीच्यांना गुलामांची अवलाद ठरवतात आणि त्यांच्याशी सोयरीक करत नाहीत. हे शास्त्राला धरून आहे का? झिम्रांनी निःसंदिग्ध निवाडा दिला. विधिपूर्वक स्नान करून धर्मात आलेले लोक पुरते ज्यू आहेत आणि त्यांच्याशी लग्नसंबंध करायला काही आडकाठी नाही. पुढे अलेक्झांड्रियाहूनही असंच उत्तर आलं. कोचीत मात्र सगळं होतं तसंच राहिलं. जवळजवळ चारशे वर्षांनी अब्राहम बराक सालेम या वकिलाला त्याच प्रश्नासाठी आपल्याच प्रार्थनास्थळात सत्याग्रह करावा लागला.

सालेम यांना लोक ‘ज्यू गांधी’ म्हणत. हे बिरुद त्यांना शोभतंही, पण त्यामुळे त्यांची लढाई फक्त इंग्रजांशी होती असा समज होतो. त्यांच्या आयुष्यातली सर्वांत अवघड लढाई आपल्याच माणसांशी होती. ती समजून घ्यायची तर कोचीच्या ज्यूंची उतरंड आधी पाहायला हवी.

केरळच्या किनाऱ्यावर ज्यू फार जुने. जोसेफ रब्बान या ज्यू पुढाऱ्याला तिथल्या राजाने दिलेले ताम्रपट साधारण इसवी सन १००० च्या सुमाराचे मानले जातात. पालखी, छत्री, करमाफी असे मान त्यात आहेत. १४९२ मध्ये स्पेनमधून ज्यूंची हकालपट्टी झाली, त्यानंतर तिथून आणि पुढे पश्चिम आशियातून काही कुटुंबं कोचीत आली. कोचीच्या राजाने त्यांना मट्टनचेरीत आपल्या राजवाड्याला लागून जागा दिली आणि १५६८ मध्ये तिथे त्यांचं प्रार्थनास्थळ, म्हणजे परदेशी सिनेगॉग, उभं राहिलं. या नव्या मंडळींना गोरे ज्यू म्हणू लागले आणि आधीपासून असलेल्या मलबारी ज्यूंना काळे. मसाल्यांच्या व्यापारात आणि पुढे डच अमलात परदेशी घराण्यांची भरभराट झाली, तसा त्यांचा तोराही वाढला.

तिसरी पायरी मेशुखरारीमांची, म्हणजे मुक्त केलेले गुलाम आणि त्यांचे वंशज. हे लोक परदेशी सिनेगॉगाचेच होते. त्यांच्यातल्या अनेकांच्या अंगात परदेशी मालकांचंच रक्त होतं. हेब्रू त्यांना येई, प्रार्थना पाठ असत, सण आणि पथ्यं ते काटेकोर पाळत. तरी सिनेगॉगात त्यांनी मागे बसायचं, तोरा हा धर्मग्रंथ वाचायला त्यांना बोलवायचं नाही आणि गोऱ्या घराशी त्यांचं लग्न होणं तर कल्पनेबाहेरचं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्यांच्यातल्या काहींनी हे सोडून इंग्रजांच्या हद्दीतल्या फोर्ट कोचीत आपली वेगळी प्रार्थना सुरू करून पाहिली. ती टिकली नाही आणि मंडळी पुन्हा मागच्या बाकांवर परतली.

याच घरांपैकी एका घरात १८८२ मध्ये सालेम यांचा जन्म झाला. एर्नाकुलमच्या महाराजा कॉलेजात आणि पुढे मद्रासला त्यांचं शिक्षण झालं. कोचीच्या ज्यूंमधले ते पहिले पदवीधर. गोऱ्यांमध्ये पैसा होता, मलबारींमध्ये संख्या होती, पण हा मान मिळवला तो सर्वांत खालच्या पायरीवरच्या मुलाने. मद्रासहून कायद्याची पदवी घेऊन ते परतले आणि एर्नाकुलमला वकिली करू लागले.

वकिलीबरोबर सार्वजनिक काम आलंच. केरळातल्या सुरुवातीच्या कामगार संघटना बांधण्यात त्यांचा हात होता. एर्नाकुलमच्या ज्या छोट्या टेकाडावर उभं राहून ते भाषणं करत, ते ‘सालेम कुन्नू’ म्हणून ओळखलं जाऊ लागलं. १९२५ ते १९३१ आणि पुन्हा १९३९ ते १९४५ ते कोची संस्थानच्या विधान परिषदेत होते. १९२९ च्या डिसेंबरात काँग्रेसच्या लाहोर अधिवेशनालाही ते गेले, जिथे संपूर्ण स्वराज्याचा ठराव झाला. संस्थानी प्रजेतल्या एका ज्यू वकिलाने त्या थंडीत देशाच्या दुसऱ्या टोकाला जाणं ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

सिनेगॉगातल्या भेदाविरुद्ध त्यांनी आधी बहिष्कार घातला. काही काळ ते तिकडे फिरकलेच नाहीत. पण बाहेर राहिलं की आत सगळं सुरळीत चालतं आणि कोणालाच काही टोचत नाही. म्हणून पुढे ते आत जाऊन सत्याग्रह करू लागले. मला त्यांच्या कामातला हाच निर्णय सर्वांत मोलाचा वाटतो. धर्मशास्त्राचा निवाडा शतकानुशतकं त्यांच्याच बाजूने होता, तेव्हा वाद घालून जिंकण्यासारखं काही उरलंच नव्हतं. उरलं होतं ते एवढंच, की रोज भेटणाऱ्या, नावानिशी ओळखणाऱ्या माणसांसमोर हक्काने बसायचं आणि हलायचं नाही.

भोवतालचा काळही तसाच होता. कोचीपासून फार लांब नसलेल्या वैकमला १९२४-२५ मध्ये मंदिराच्या रस्त्यांसाठी सत्याग्रह झाला. आपल्याकडे १९२७ मध्ये महाडचं चवदार तळं आणि १९३० मध्ये नाशिकचं काळाराम मंदिर. या लढ्यांच्या शेजारी सालेम यांचं नाव मराठीत सहसा घेतलं जात नाही. ते घ्यायला हवं, कारण शुद्ध रक्ताच्या नावाने माणसाला मागे बसवणारी रीत किती खोल मुरलेली होती हे त्यातून दिसतं. ज्या धर्मात जातीला थारा नाही, त्याच्या देवघरातही ती जाऊन बसली होती. त्रावणकोरने १९३६ मध्ये मंदिरं सर्वांना खुली केली. साधारण त्याच सुमारास मानववंशशास्त्रज्ञ डेव्हिड मँडेलबॉम कोचीत आले, तेव्हा परदेशी सिनेगॉगातली बरीच जुनी बंधनं गळून पडली होती.

लग्नाचं बंधन मात्र सर्वांत शेवटी तुटलं. १९५० मध्ये सालेम यांच्या मुलाचं एका गोऱ्या परदेशी घरातल्या मुलीशी लग्न झालं. असं लग्न या समाजात पहिल्यांदाच होत होतं. कोचीत विरोध इतका होता की ते मुंबईत लावावं लागलं.

या मुलाचं नाव बाल्फोर. पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंना राष्ट्रीय घर देण्याचं वचन ब्रिटिश परराष्ट्रमंत्री बाल्फोर यांनी १९१७ मध्ये दिलं होतं, त्याची ही आठवण. सालेम १९३३ मध्ये पॅलेस्टाइनला जाऊन आले आणि तिथलं काम पाहून भारावून गेले. लाहोरचा ठराव आणि जेरुसलेमची ओढ या दोन्ही गोष्टी त्यांच्यात एकत्र नांदत होत्या. आज याबद्दल शंका घेणारे भेटतात, पण त्यांच्या दृष्टीने दोन्हीकडे प्रश्न एकच होता : आपल्या लोकांचा कारभार आपल्या हाती असावा.

इस्राएलची स्थापना झाल्यावर कोचीच्या मलबारी ज्यूंनी घरंदारं विकायला काढली. पण तिकडून परवानगी लवकर मिळेना, कारण हे लोक हत्तीरोग घेऊन येतील अशी तिथल्या अधिकाऱ्यांना धास्ती होती. घर गेलेलं आणि जहाज मिळत नाही अशा अवस्थेत कुटुंबं अडकून पडली. इथे पुन्हा वकील सालेम कामाला आले. कोचीकरांची बाजू मांडायला ते इस्राएलला गेले. ज्यांच्यासाठी ते भांडले त्यात ज्यांनी त्यांना पूर्वी खालचं मानलं असे लोकही होते. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक मलबारी ज्यू निघून गेले आणि नेवातीम, मेसिलत त्सियोन, ताओझ अशा शेतकरी वसाहतींत स्थिरावले. सालेम स्वतः मात्र कोचीतच राहिले.

महाराष्ट्राचा धागा या कहाणीत लग्नापुरताच नाही. कोकणातल्या बेने इस्राएलांना, म्हणजे तिथल्या मराठी ज्यूंना, हेब्रू प्रार्थना आणि विधी शिकवायला एकोणिसाव्या शतकात शिक्षक आले ते कोचीहूनच. आणि बेने इस्राएलांमध्येही गोरा इस्राएल, काळा इस्राएल असा भेद होता. काळ्यांशी सोयरीक होत नसे. पुढे बगदादकडून मुंबईत आलेल्या बगदादी ज्यूंनी साऱ्या बेने इस्राएलांनाच कमी लेखलं. इस्राएलला गेल्यावर तर तिथल्या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, त्यांच्या लग्नांवरच शंका घेतली. तेव्हा हे मराठी बोलणारे लोक जेरुसलेमला जाऊन धरणं धरून बसले आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ते सर्व बाबतींत ज्यू आहेत असं जाहीर केलं.

त्या वेळी सालेम ऐंशी ओलांडलेले होते. १९६७ मध्ये ते गेले. पुढच्याच वर्षी परदेशी सिनेगॉगाला चारशे वर्षं झाली. त्या सोहळ्याला पंतप्रधान इंदिरा गांधी आल्या आणि टपाल तिकीटही निघालं. सालेम यांनी आयुष्यभर रोजनिशी लिहिली होती. कोचीच्या ज्यूंवर पुढे ज्या अभ्यासकांनी काम केलं त्यांना ती फार उपयोगी पडली. त्याआधी या समाजाचा इतिहास सांगणारे बहुतेक पुढच्या बाकांवरचे होते. मागच्या बाकावरून सगळं पाहिलेल्या माणसाने लिहिलेलं हे टिपण त्यामुळे वेगळं ठरतं.