किल्ली समोर असूनही का दिसत नाही?

भयकथेवर बेतलेला हिडन ऑब्जेक्ट गेम चालू असतो. अंधारी खोली, अडगळीचा ढीग, खाली शोधायच्या वस्तूंची यादी. किल्ली काही केल्या सापडत नाही आणि शेजारी बसलेला म्हणतो, "अरे, समोर तर आहे! डोळे तपासून घे." यात डोळ्यांचा काही दोष नसतो.

मुळात आपल्याला बारकाईनं दिसतं ते फार थोडं. हात लांब करून अंगठ्याचं नख बघा. डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या फोव्हिया या ठिपक्याच्या वाट्याला जेमतेम तेवढाच भाग येतो. बाकीचं दृश्य धूसर असतं, म्हणून डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारत फिरतो.

पण खरी गंमत पुढे आहे. १९८० साली मानसशास्त्रज्ञ ॲन ट्रीझमन आणि गॅरी गेलाड यांनी मांडलं की रंग, दिशा, आकारमान हे गुण मेंदू आधी सुटेसुटे टिपतो, तेही सगळ्या दृश्यभर एकदमच. हिरव्या रेघांमध्ये एकच लाल रेघ असेल तर ती लगेच डोळ्यांत भरते. रेघा पाच असोत की पन्नास, वेळ जवळपास तेवढाच लागतो. आता लाल आडव्या आणि हिरव्या उभ्या रेघांच्या गर्दीत एकच लाल उभी रेघ ठेवा. लाल रंग इतरांकडेही आहे, उभेपणही आहे; दोन्ही एकत्र मात्र एकाच रेघेत. ही सांगड घालायला लक्ष एकेका ठिकाणी न्यावं लागतं, त्यामुळे रेघा वाढल्या की वेळही वाढतो. आणि ती रेघ तिथे नसेलच, तर दर रेघेमागचा वेळ साधारण दुप्पट होतो. असलेली रेघ सरासरी अर्ध्या वाटेवर सापडते, पण 'नाही' म्हणायला सगळ्याच तपासाव्या लागतात. पुढे दृष्टीचे अभ्यासक जेरेमी वुल्फ यांनी यात सुधारणा केली: शोध आंधळेपणानं होत नाही, 'लाल' आणि 'उभी' हे दोन्ही संकेत मिळून लक्षाला वाट दाखवतात.

गेमचा चित्रकार हीच वाट बुजवतो. किल्लीला खिडकीच्या गजाचा रंग देतो, गजाला समांतर ठेवतो. समजा, गेम अमेरिकी लेखक एडगर ॲलन पो यांच्या १८४३ सालच्या 'द ब्लॅक कॅट' या भयकथेवर बेतलेला आहे. तिच्यातल्या दुसऱ्या काळ्या मांजराच्या छातीवर मोठा पांढरा डाग आहे. अंधाऱ्या चित्रात ते मांजर लपवायचं तर आधी तो डाग झाकावा लागेल.

असे गेम खेळून नजर सगळीकडेच तयार होते, हा दावा मला पटत नाही. गेममध्ये वस्तू आहेच, याची यादी हमी देते. विमानतळावर बॅगा तपासणाऱ्याला ती हमी नसते. वुल्फ आणि सहकाऱ्यांनी २००५ साली स्वयंसेवकांना बॅगांसारख्या चित्रांत अवजारं शोधायला लावली. निम्म्या चित्रांत अवजार होतं तेव्हा सुमारे ७ टक्के अवजारं नजरेतून सुटली. शंभरात एकाच चित्रात होतं तेव्हा सुमारे ३० टक्के सुटली. डोळे तेच होते. काही सापडेल ही अपेक्षा उरली नव्हती, म्हणून माणसं लवकर 'नाही' म्हणून पुढे जात होती.